ऑर्ग-मोडमध्ये शीर्षकांची हलवाहलव : काही महिन्यांच्या वापरानंतर

लांबलचक दस्तऐवज तयार करताना नवं लिहिण्यापेक्षा लिहिलेलं इकडचं तिकडे करण्यातच माझा जास्त वेळ जातो. त्यामुळे कामांच्या याद्या, कॅलेंडर वगैरेसाठी मी ऑर्ग-मोडकडे वळलेच नव्हते. मला फक्त आउटलाइन हवी होती. आता रोजच्या वापरानंतर माझं मत असं की, हलवाहलवीत याचा हात धरणारं मला अजून काही सापडलेलं नाही. पण पेस्ट करताना तो स्वतःचं डोकं चालवतो, आणि ते कसं चालतं हे कळेपर्यंत चांगलाच वैताग येतो.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधला हा मोड कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ मध्ये सुरू केला. फाइल साधी टेक्स्टच असते. ओळीच्या सुरुवातीला एक तारा (*) आणि स्पेस म्हणजे मुख्य शीर्षक, दोन तारे म्हणजे उपशीर्षक, तीन म्हणजे त्याच्याही आतलं. शीर्षक आणि त्याच्या पोटातलं सगळं मिळून एक फांदी. टॅब दाबला की ती मिटते, पुन्हा दाबला की उघडते.

फांदी वर-खाली सरकवायला ऑल्ट आणि बाण पुरतात. वर्डच्या नॅव्हिगेशन पेनमध्येही शीर्षक ओढलं की उपशीर्षकं सोबत येतात, पण त्यासाठी हात माउसकडे न्यावा लागतो. इथे फांदी आपल्या पातळीच्या शेजाऱ्यांमध्येच फिरते, वरच्या शीर्षकाच्या हद्दीबाहेर जात नाही. आधी याचा राग यायचा. आता तोच मोठा आधार वाटतो, कारण चुकून एखादा भाग भलत्याच प्रकरणात शिरत नाही. आडव्या बाणांचं मात्र जपून. नुसत्या ऑल्टने फक्त ते एक शीर्षक आत-बाहेर होतं. दोन ताऱ्यांचं शीर्षक आत ढकललं की त्याच्या पोटातली तीन ताऱ्यांची शीर्षकं जागची हलत नाहीत आणि त्याच्या बरोबरीला येऊन बसतात. अख्खी फांदी न्यायची असेल तर सोबत शिफ्टही दाबायचा.

आता पेस्ट. नेहमीच्या कंट्रोल-वायने तारे जसेच्या तसे येतात. चार ताऱ्यांची फांदी एका ताऱ्याच्या शीर्षकाखाली टाकलीत तरी ती चारचीच राहते. पातळी आपोआप जुळवून घेणारी ‘ऑर्ग-यँक-अ‍ॅडजस्टेड-सबट्रीज’ नावाची सेटिंग आहे, पण ती मुळात बंद असते. फांदीसाठी वेगळी आज्ञा आहे: कंट्रोल-सी, कंट्रोल-एक्स, कंट्रोल-वाय. ही आज्ञा कर्सरच्या आजूबाजूला बघून पातळी ठरवते. कर्सर शीर्षकाच्या अगदी सुरुवातीला असेल तर फांदी त्याच पातळीची होऊन त्याच्या आधी बसते. नाहीतर मागचं आणि पुढचं *दिसणारं* शीर्षक बघून, दोन्हींतली जी पातळी जास्त आतली असेल ती घेतली जाते.

सगळी गोम त्या ‘दिसणारं’मध्ये आहे. माझी प्रकरणं दोन ताऱ्यांची. त्यांच्या मध्ये मी दोन मोकळ्या ओळी सोडते, त्यामुळे प्रकरण मिटलं तरी मधली जागा दिसते. दुसरं प्रकरण मिटलेलं असताना तिथे पेस्ट केलं की मागे दोन तारे, पुढे दोन तारे. फांदी स्वतंत्र प्रकरण होते. तेच प्रकरण उघडं असेल तर मागचं दिसणारं शीर्षक तीन ताऱ्यांचं, म्हणून फांदी दुसऱ्या प्रकरणाच्या पोटात जाते. जागा तीच, कळा त्याच, निकाल वेगळा! नियमामागे कारण आहे: आलेल्या फांदीने खालचा मजकूर गिळू नये. पण स्क्रीनवर हे कुठे सांगतात? मी सरळ पळवाट धरली. हवे तेवढे तारे स्वतः टाइप करायचे आणि त्यांच्यापुढे पेस्ट करायचं. पातळी तेवढीच होते, वाद नाही.

बाहेरून मजकूर आणताना वेगळीच गंमत. मेलमधल्या यादीत मुद्द्यांपुढे तारे असले आणि ते ओळीच्या सुरुवातीला आले, की प्रत्येक मुद्दा मुख्य शीर्षक! शेवटचा मुद्दा तर त्याच्या खालचं सगळं आपल्या पोटात घेतो. तेवढा भाग निवडून कंट्रोल-सी आणि वजाचं चिन्ह दाबलं की पुन्हा साधी यादी होते.

फांदी लांबच्या शीर्षकाखाली पाठवायची असेल तर रिफाइल, म्हणजे कंट्रोल-सी कंट्रोल-डब्ल्यू. सेटिंग न बदलता तो चालू फाइलमधली फक्त पहिल्या पातळीची शीर्षकं सुचवतो, त्यामुळे सुरुवातीला मला तो बिनकामाचा वाटला. आतल्या पातळ्या दाखवायला सांगितल्यावर मी कापून-चिकटवणं बरंचसं सोडून दिलं. फांदी नव्या जागी शेवटी जाऊन बसते, तिथून ऑल्ट-बाणाने वर घ्यायची.

आणखी एक: फांदीला लिंकसाठी आयडी (तिची ओळखखूण) दिला असेल तर कापून चिकटवताना काही बिघडत नाही, पण कॉपी केलीत तर तोच आयडी दोन ठिकाणी होतो आणि लिंक कुठे नेईल याचा भरवसा राहत नाही. प्रतीमधला आयडी लगेच पुसून टाकावा.