आधी एचटीएमएल, शेवटी रिअ‍ॅक्ट : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

मागच्या वर्षी वेबसाइट बनवायला शिकायचं म्हणून जळगावच्या एका क्लासला गेले. तिथे पहिल्याच आठवड्यात रिअ‍ॅक्ट (जावास्क्रिप्ट भाषेतली, वेबपानं बांधायची तयार लायब्ररी) सुरू केलं. सरांनी लिहिलं तसं लिहिलं की चालायचं. रावेरला घरी येऊन स्वतःच्या मनाने एक बटण टाकायला गेले की हात थांबायचा. ॲरेमध्ये, म्हणजे यादीत, नवी नोंद पुश केली तरी स्क्रीन बदलत नव्हती, आणि चूक जावास्क्रिप्टची की रिअ‍ॅक्टची हेच कळत नव्हतं. दोन महिन्यांनी क्लास सोडला आणि एमडीएन या वेब शिकवणाऱ्या साइटवर, फुकटात, एचटीएमएलपासून (पानाचा सांगाडा) बसले.

एचटीएमएलला पंधरा दिवस पुरले. सीएसएसला, म्हणजे पानाच्या रूपाला आणि मांडणीला, मात्र दोन महिने दिले आणि ते कमी करू नका असं मी सांगेन. आधी बॉक्स मॉडेल (प्रत्येक घटकाची चौकट), मग फ्लेक्सबॉक्स, मग ग्रिड या मांडणीच्या पद्धती. मराठी मजकुराला लाइन-हाइट (ओळीची उंची) कमी ठेवली की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. असलं काही स्वतः हाताने नीट केल्याशिवाय सीएसएस अंगात मुरत नाही.

खरा कस जावास्क्रिप्टचा, चार महिने. पप्पांसाठी केळीच्या हिशोबाचं पान करायला घेतलं: गाड्यांचं वजन, क्विंटलचा भाव, एकूण रक्कम. दोन गाड्या, ४२ आणि ३५ क्विंटल. बेरीज आली ४२३५! इनपुटमधून येतो तो मजकूर असतो, आकडा नव्हे, हे त्या दिवशी पक्कं झालं. मजकुराचा आकडा करणारं नंबर फंक्शन लावलं, माझ्याकडे चाललं, पप्पांच्या फोनवर ‘नॅन’, म्हणजे ‘हा आकडा नाही’. अख्खी संध्याकाळ गेली. त्यांचा कीबोर्ड मराठी, ते देवनागरी ४२ टाइप करत होते आणि नंबरला देवनागरी अंक समजतच नाहीत. मग दहा अंकांची अदलाबदल करणारं छोटं फंक्शन लिहिलं. क्लासमध्ये हे कधी शिकले असते असं वाटत नाही.

गिट (कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणारं साधन) मात्र उशिरा घेतलं, ती माझी चूक. एकदा चालू पान बिघडवलं आणि जुनं परत आणता आलं नाही. सीएसएसच्या सोबतच गिट सुरू करा, कमिट (बदल नोंदवणं), पुश (ते सर्व्हरवर पाठवणं) एवढं आलं तरी पुरे.

सातव्या महिन्यात रिअ‍ॅक्ट पुन्हा उघडलं. समोर तीच ॲरेमध्ये पुश करण्याची अडचण. तोच ॲरे परत दिला तर रिअ‍ॅक्टला बदल दिसत नाही, नवा ॲरे द्यावा लागतो, हे वाचता वाचताच उमगलं. आता पप्पांच्या पानावर गाड्या हव्या तितक्या वाढवता येतात. टाइपस्क्रिप्टला (जावास्क्रिप्टवरच बांधलेली, प्रकार तपासणारी भाषा) अजून हात लावलेला नाही, दिवाळीनंतर बघेन.