रफू, ठिगळ आणि दंड: वडगावच्या मशीनवरून

मी बेळगावात वडगावला ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. पुस्तकाबद्दल लिहायची ही पहिलीच वेळ, सांभाळून घ्या.

'मेक डू अँड मेंड' हे इंग्लंडच्या सरकारनं १९४३ साली, लढाई चालू असताना बायकांसाठी काढलेलं पुस्तक. त्याची हुबेहूब छापलेली प्रत लेकीनं ऑनलाइन मागवली. विकणाऱ्यानं साध्या पिशवीत कोंबून पाठवली, कोपरा दुमडून आला. उशीर झाला तो वेगळाच. छपाई मात्र स्वच्छ. लेक वाचून सांगते, मी चित्रं बघते. चित्रं कळायला इंग्रजी कशाला लागतंय?

रफूचं काम एक नंबर दाखवलंय. भोकाच्या बाहेरचं चांगलं कापड धरून सुरुवात करायची, दोरा ताणायचा नाही, वळताना जरा ढिला सोडायचा, म्हणजे धुतल्यावर आखडत नाही. मला हेच मावशीनं शिकवलेलं, मोज्यात फ्यूज गेलेला बल्ब घालून.

एवढा आटापिटा का, तर कापडाला रेशन. १ जून १९४१ पासून माणशी वर्षाला ६६ कुपनं, त्यात लोकरीच्या एका ड्रेसलाच ११ जायची. पुढं कुपनंही कमी केली. मग लग्न ठरलेल्या पोरीनं काय करायचं? बहिणीचा नाहीतर मैत्रिणीचा झगा मागून घालायचा. केकवर साखरेचं आयसिंग करायला बंदी, म्हणून वरून पुठ्ठ्याचा मोठा केक ठेवायचा आणि आत खरा, एवढुसा. मी पोट धरून हसले. मग आजी आठवली.

आजोबा मराठा पलटणीतनं इटलीला गेलेले. इकडं कंट्रोलचं कापडसुद्धा मिळेना, आजी दंड घातलेलं लुगडं नेसायची. आताच्या पोरींना दंड ठाऊक नसेल. लुगड्याचा विरलेला भाग कापून टाकायचा आणि चांगले तुकडे जोडायचे. तिकडच्या बायका चादरीचं तसंच करायच्या. मधोमध उभी फाडायची, धड राहिलेल्या कडा मधे आणून शिवायच्या. शिवण पाठीला टोचत असणार, पण चादर वर्षभर पुढं जाते.

माझी तक्रार एकच. बाईला संध्याकाळ मोकळी असते हे यात धरूनच चाललेत. डिसेंबर १९४१ च्या कायद्यानं २० ते ३० वयाच्या बिनलग्नाच्या पोरींना लष्करात नाहीतर कारखान्यात जायची सक्ती झाली, मागनं लग्न झालेल्याही कामाला लागल्या. दिवसभर मशीनवर उभं राहायचं, पगार गड्यापेक्षा कमी. नवरा लढाईवर, पोरं लांब खेड्यात नाहीतर सरकारी पाळणाघरात. सुटल्यावर रेशनची रांग. आणि घरी येऊन मोजे रफू करा! आमचे हे उद्यमबागेतनं सेकंड शिफ्ट करून आले की हात धुऊन सरळ ताटावर बसतात. त्यांच्या हातात सुई द्या असं सांगणारं पान शोधत होते, अजून तरी दिसलं नाही.

तरी यातलं बघून ह्यांच्या स्वेटरच्या कोपराला ठिगळ लावलं. चार धुण्यांत हललं नाही.

पाचातले चार तारे. पुस्तक मशीनच्या खणात असतं. मुखपृष्ठावर तेलाचा डाग पडलाय, आता परत करायचं म्हटलं तरी कोण घेणार नाही.