सेव्हन-इन-वन वेदर स्टेशन, चिपळूणच्या एका अख्ख्या पावसाळ्यानंतर

बाहेर पागोळ्या धो धो वाहतायत आणि वेदर स्टेशनचा घरातला पडदा, म्हणजे कन्सोल, म्हणतोय आजचा पाऊस ०.० मिमी. ऐन जुलैत, चिपळुणात. हा अनुभव तेव्हाच लिहायला घेतला होता आणि एक तारा देऊन मोकळा होणार होतो. आता पावसाळा सरलाय, तारे थोडे वाढलेत. राग मात्र पुरता गेलेला नाही, तो पुढे येईलच.

यंत्र तेच, सगळ्यांच्या माहितीतलं. बाहेर बसवायचा ४३३ मेगाहर्ट्झचा बिनतारी सेन्सर, रंगीत पडद्याचा कन्सोल, वायफाय. हाच साचा चार-पाच नावांनी विकला जातो, म्हणून वैशिष्ट्यं पुन्हा लिहीत बसत नाही. तापमान ठीक. वाऱ्याची दिशा ठीक, बसवताना उत्तर नीट धरलीत तर. ऊन आणि यूव्हीचे आकडे जूननंतर मी बघितलेलेच नाहीत. आर्द्रता जूनमध्ये ९९ वर गेली ती गणपतीपर्यंत तिथेच. सेन्सरचा काही दोष नाही, कोकणच तसं आहे. पण ९९ हा एकच आकडा तीन महिने बघायचे पैसे आपण मोजले, हे मनातून जात नाही. मला हवा होता फक्त पाऊस.

तो का, ते चिपळूणकरांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात. गावातून वाशिष्ठी आणि शिव अशा दोन नद्या जातात, खाली दाभोळच्या खाडीची भरती पाणी अडवून धरते आणि वरून कोयनेची वीज करून सोडलेलं पाणीही कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीतच येतं. त्यामुळे गावात किती पडला यापेक्षा वर घाटाकडे, पोफळी-कुंभार्लीकडे किती पडला आणि भरती किती वाजता, हे आधी विचारलं जातं. २२ जुलै २०२१ च्या पुरात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. २३ जुलैच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिमी पडला होता. वीज गेली, मोबाइल गेले, आणि कुठे किती पडतोय हे कळायचा मार्गच उरला नाही.

आम्ही काही हॅम, म्हणजे लायसन्सवाले हौशी रेडिओवाले, टू मीटर या रेडिओपट्ट्यावर रोज सकाळी ठरल्या वेळी जमतो, त्याला नेट म्हणतात. त्या पुरानंतर या नेटमध्ये 'पाऊस' हा विषय कायमचा बसला. आधी नेट म्हणजे सिग्नल रिपोर्ट, कुणाची अँटेना नीट जुळलीय की नाही, कुणाची सून बाळंत झाली. आता साडेआठचं माप झालं की पावणेनऊला नेट कंट्रोल एकेकाला बोलावतो आणि प्रत्येकाने कॉलसाइनच्या, म्हणजे आपल्या रेडिओवरच्या नावाच्या, मागोमाग मिलिमीटर सांगायचे. चिपळूण वाटीत बसलेलं, त्यामुळे थेट पोफळी लागत नाही. परशुरामच्या उंचावर राहणारे एक दादा मधे रिले करतात. पोफळीचे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे काचेचं माप आणि दोनशे चौरस सेंटीमीटर तोंडाचं पर्जन्यमापक आहे. वीस मिलीलीटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर, संपला हिशोब. बॅटरी नाही, वायफाय नाही. माझं पंधरा हजारांचं यंत्र पहिल्या दिवसापासून त्या काचेच्या नळीशी भांडतंय.

आता मूळ दुखणं. या सेन्सरमध्ये पाऊस मोजायला फनेलखाली एक दोन कप्प्यांची झुलती चमची असते. एक कप्पा भरला की ती कलंडते, दुसरा कप्पा धारेखाली येतो, आणि प्रत्येक कलंडण्याला चुंबकाने एक रीड स्विच वाजतो. एक ठोका म्हणजे ०.२५४ मिमी. रिमझिम पावसात हे झकास चालतं. पण चमची कलंडत असताना फनेलमधून पाणी येतच असतं, ते कुठल्याच हिशोबात धड धरलं जात नाही. पाऊस जितका तडाख्याचा तितकी ही गळती मोठी. म्हणजे जिथे आकडा महत्त्वाचा तिथेच यंत्र कमी सांगतं. काकांचे १३० तर माझे ११४. "तुझी चमची पाणी पिते रे," हे वाक्य जूनभर नेटवर ऐकलं. आणि फरक नुसता मानापमानाचा नाही. ११५.६ च्या पुढे हवामान खात्याच्या भाषेत 'अति जोरदार', त्याखाली नुसता 'जोरदार'. महसूल मंडळात ६५ मिमी झाला की अतिवृष्टी आणि पंचनामे. आमच्या आकड्यांवर पंचनामे होत नाहीत हे ठाऊक आहे, तरी नेटवरचे शेतीवाले ६४ ऐकलं की अस्वस्थ होतात.

विक्रेत्याला लिहिलं. पहिलं उत्तर, रीसेट करा. केलं. दुसरं उत्तर, अधिक-उणे दहा टक्के फरक मान्य मर्यादेत आहे. मी कळवलं की फरक कधी अधिक, कधी उणे असा होत नाही, तो नेहमी उणेच असतो. यावर उत्तर नाही. आणि मग जुलैत ते ०.० आलं. आता मागितलं काय, तर खोका उघडतानाचा व्हिडिओ. मार्चमध्ये घेतलेल्या वस्तूचा, जी चार महिने चालली! नंतर प्रस्ताव आला की सगळा सेन्सर उतरवून स्वखर्चाने कुरिअर करा, नाहीतर नवा सेन्सर घ्या, पूर्ण संचाच्या साठ टक्के किमतीत. भर पावसात गच्चीवर चढून, टीव्हीच्या जुन्या अँटेनाच्या जीआय पाइपवरून तो उतरवायचा आणि महिनाभर पावसाचं माप बंद.

उतरवला, पण कुरिअरला नाही दिला. चार स्क्रू काढले तर आत मुंग्यांचं अख्खं गाव आणि फनेलच्या भोकात शेवाळाची गुळगुळीत बूच. ते साफ करूनही ठोका पडेना. मल्टिमीटर लावला, रीड स्विच मेलेला. पाय गंजून तुटलेले. जंक बॉक्समध्ये एक होता, नसता तरी वीस-पंचवीस रुपयांची वस्तू. डाग दिला, वरून नेलपॉलिशचे दोन हात दिले, काम झालं. साठ टक्के म्हणे! रेडिओवाल्याच्या घरात सोल्डरिंग आयर्न असतं म्हणून निभावलं. ज्याच्याकडे नाही त्याने काय करायचं, याचं उत्तर कंपनीने द्यावं.

उघडलंच आहे तर परीक्षाही घेऊ, असं ठरवलं. त्यासाठी मेडिकलमधून सलाइनची अर्ध्या लिटरची बाटली आणि ड्रिप सेट आणला. फनेलचा व्यास ११ सेंटीमीटर, म्हणजे तोंड ९५ चौरस सेंटीमीटर. पाचशे मिलीलीटर पाणी त्यातून गेलं की ५२.६ मिमी पाऊस, म्हणजे २०७ ठोके पडायला हवेत. चाक घट्ट करून थेंब थेंब सोडलं तर दोनशेच्या वर ठोके पडतात, तक्रारीला जागा नाही. चाक पूर्ण उघडून धार सोडली की एकशे ऐंशीच्या आसपास. सौभाग्यवतींनी विचारलं, कोण आजारी आहे. घ्यायचा विचार असेल त्यांनी हा प्रयोग पहिल्याच आठवड्यात करावा. कन्सोलच्या सेटिंगमध्ये पावसाला गुणक देता येतो. मी थोडा वाढवला, पण मनापासून नाही, कारण धारेसाठी लावलेला गुणक रिमझिमीत जास्त सांगतो. एकच गुणक सगळ्या पावसाला लागू पडत नाही, पडणारही नाही.

इथवरचं जुलैचं मत. ऑगस्टमध्ये दोन गोष्टींनी ते हललं.

पहिली मध्यरात्रीची. कन्सोल 'आजचा पाऊस' रात्री बाराला शून्य करतो. आपल्याकडे मात्र पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ, सरकारी खात्यापासून पोफळीच्या काकांपर्यंत. त्यामुळे माझा आकडा कधी कुणाच्या आकड्याला जुळायचाच नाही. पहाटे पडलेला पाऊस माझ्याकडे आजचा, त्यांच्याकडे काल साडेआठपासूनच्या मापातला. कन्सोलमध्ये हे बदलायची सोय नाही. एका मित्राने सुचवलं की कन्सोलला मधे घेऊच नकोस. तीन हजारांच्या आतबाहेर मिळणारा आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचा रेडिओ रिसीव्हर, धूळ खात पडलेला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि त्यावर फुकटचं आरटीएल-४३३ नावाचं सॉफ्टवेअर. सेन्सर दर काही सेकंदांनी जे पाठवतो ते डोंगल थेट ऐकतो. पुढे डायरवूल्फ हे दुसरं सॉफ्टवेअर लावून तेच एपीआरएसच्या पॅकेटमध्ये टू मीटरवर सोडायचं. एपीआरएस ही हॅम रेडिओवरून माहितीची छोटी पॅकेटं पाठवायची, अमेरिकेतल्या बॉब ब्रुनिंगांनी उभी केलेली पद्धत, त्यामुळे तापमान फॅरनहाइटमध्ये, वारा मैलात आणि पाऊस इंचाच्या शंभराव्या भागात. आधी वैतागलो. मग लक्षात आलं, इंचाचा शंभरावा भाग म्हणजे नेमके ०.२५४ मिमी, म्हणजे माझ्या चमचीचा एक ठोका! भागाकार नाही, गुणाकार नाही, ठोके मोजायचे आणि तोच आकडा पाठवायचा. शिवाय पॅकेटमध्ये पावसाची तीन घरं असतात. एक गेल्या तासाचं, 'मोठा पी' मध्यरात्रीपासूनचा आणि 'लहान पी' गेल्या चोवीस तासांचा. सकाळी साडेआठला लहान पी वाचला की झालं आपलं साडेआठ ते साडेआठ. वस्तू घेतल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं, आणि त्यात कंपनीचा वाटा नव्हता.

दुसरी गोष्ट ऑगस्टमधल्या एका रात्रीची. संध्याकाळी वीज गेली, पाठोपाठ राऊटर आणि मोबाइलचा डेटा. कंपनीच्या अ‍ॅपमधला आलेख तिथेच थांबला. कन्सोलला स्वतःची साठवण नाही, इंटरनेट गेलं की तेवढा पाऊस कधी पडलाच नाही. पण रास्पबेरी पाय आणि डोंगल बारा व्होल्टच्या बॅटरीवर होते, ते चालू राहिले. रेडिओवरचं नेट दर तासाला घ्यायचं ठरलं. काका अंधारात टॉर्च घेऊन दर तासाला नळी वाचायला जातील अशी अपेक्षा नव्हती, आणि त्यांनीच मला विचारलं, "तुझा दर काय दाखवतोय?" त्या रात्री एकूण पाऊस कुणी विचारलाच नाही. सगळ्यांना हवं होतं की आत्ता वाढतोय की ओसरतोय, आणि भरती लागायच्या आत ओसरेल का. तासाला ४० वरून १२ वर उतरला तेव्हा चमची पाच-दहा टक्के पाणी पिते की नाही याने काय फरक पडतो? काकांची नळी सकाळी एक अचूक आकडा देते, माझी चमची रात्रभर चुकत चुकत बोलत राहते. आता नेटवर दोन्ही घेतात. सकाळचं माप काकांचं, रात्रीचा दर माझा. काकांना हे मान्य आहे, फक्त ते अजून चमचीच म्हणतात.

हॅममंडळींसाठी एक सूचना, बाकीच्यांनी सोडून दिली तरी चालेल. टू मीटरवर पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबला की माझ्या कन्सोलवर नुसत्या रेघा यायच्या. १४४ ते १४६ ची तिप्पट करा, ४३२ ते ४३८ येते, आणि सेन्सर बसलाय ४३३.९२ वर. स्वस्तातल्या हँडीचा तिसरा हार्मोनिक थेट कन्सोलच्या कानात. पाच वॅटवर तर डोंगलसुद्धा बधिर व्हायचा. डोंगलची अँटेना घराच्या दुसऱ्या टोकाला नेली आणि बोलायला जुना बेस सेट वापरतो. आता सेन्सर सुटत नाही.

किरकोळ गोष्टी पटकन. बुलबुल फनेलच्या काठावर बसून घाण करतात, काठाभोवती केबल टाय उभे लावा, टोकं वर. साध्या अल्कलाइन सेलला कोकणात पाझर फुटतो, दर दोन महिन्यांनी झाकण उघडून बघा. रिचार्जेबल सेल घालून पैसे वाचवायला जाऊ नका, १.२ व्होल्टला सेन्सर सारखा 'बॅटरी लो' ओरडतो. सोसाट्याच्या वाऱ्यात पाइप हलला तर कोरड्या दिवशीही एखादा ठोका पडतो, म्हणून पाइपला तारांचा ताण द्या.

तारे साडेतीन. सेन्सरला चार, कन्सोलला तीन, अ‍ॅपला दोन आणि सर्व्हिसला शून्य, हे सरासरीत बसत नाही ते मला दिसतंय. हॅमचं लायसन्स नसेल, डाग देता येत नसेल आणि नुसता पावसाचा आकडा हवा असेल तर काकांसारखं काचेचं माप घ्या, यापेक्षा पुष्कळ कमी पैशांत काम होईल आणि ते जास्त बरोबर सांगेल. रात्रीचा दर हवा असेल तर हे घ्या, पण एप्रिलच्या सुरुवातीला घ्या, सलाइन लावून लगेच तपासा आणि खोका उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. जूननंतर तक्रार केलीत तर सेन्सर ओला असताना परत घेत नाही, असं मला लेखी कळवलंय. पाऊस मोजायचा सेन्सर.