लंडन–रोम विमानाच्या तिकिटात आमचे ४४,४०० रुपये बुडाले

१०.४० ला सुटणार, अडीच तासांचा प्रवास, १३.१० ला पोहोचणार. ही बेरीज मी स्वतः केली, जुळली, आणि मग पैसे पाठवले.

जूनमध्ये मुलीकडे लंडनला जाणार होतो. तिथून आम्ही दोघं चार दिवस रोमला. एजंट अनोळखी नव्हता. दोन वर्षांपूर्वी केरळची तिकिटं त्यानंच काढली होती, एका पैशाची गडबड झाली नव्हती. म्हणून "डोळे मिटून भरले का?" असं विचारणाऱ्यांना सांगतो, नाही भरले. हीथ्रो ते फ्युमिचिनो अंतर नकाशावर पाहिलं, साधारण १,४४० किलोमीटर. थेट विमानाला अडीच तास लागतात हेही तपासलं. दोन तिकिटांचे ३९,८०० आणि बॅगांचे ४,६०० असे ४४,४०० यूपीआयनं दिले, तेही त्याच्या बायकोच्या खात्यावर. तिथेच थांबायला हवं होतं. फर्मच्या नावावर खातं नसेल तर एक रुपया देऊ नका.

पण खरी खूण त्यानं पाठवलेल्या तिकिटाच्या पीडीएफवर होती, आणि तीच मला आजही झोपू देत नाही. रोमचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असतं. तिकिटावर दोन्हीकडच्या स्थानिक वेळा छापतात. म्हणजे पोहोचण्याची वेळ १४.१० हवी होती. त्या माणसानं घरी बसून नुसती बेरीज करून वेळ टाकली, आणि मीही तीच बेरीज करून समाधान मानलं. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे आणि रोम साडेतीन, हे मीच कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं होतं!

"तिकीट विमान कंपनीच्या साइटवर दिसत नाही" म्हटल्यावर एजंट म्हणाला, "काका, ग्रुप फेअर आहे, ४८ तास आधी दिसेल." अशा उत्तरावर विसंबू नका. पीएनआरची सहा अक्षरं कोणीही टाइप करेल. १३ आकडी तिकीट नंबर मागा आणि विमान कंपनीकडूनच खात्री करा.

हीथ्रोच्या काउंटरवर बाईंनी तीनदा शोधलं. नाव नाही. रोमचं हॉटेल भरलेलं होतं, म्हणून तिथेच नवी तिकिटं काढली, ४७,३१० रुपये. एकूण ९१,७१०. ही बॅगेवर बसून राहिली होती, माझ्याशी बोलली नाही.

परत आल्यावर पोलीस ठाण्यात गेलो. "प्रकार लंडनला घडला, आमची हद्द नाही." अहो, पैसे माझ्या घरातून गेले, घेणारा याच शहरात राहतो! दुसऱ्या खेपेला "हा दिवाणी वाद आहे." खोटं तिकीट बनवून पैसे घेणं ही फसवणूक नाही, तर न्याय संहितेतलं कलम ३१८ कशासाठी आहे? हद्दीचं कारण सांगून गुन्हा नाकारता येत नाही, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे. तिसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्तावर. चौथ्यांदा अर्जावर शिक्का मिळाला, एफआयआर नाही. बँकेनं तर एका ओळीत संपवलं: व्यवहार तुम्हीच मंजूर केलात. वय ६४, किती जिने चढायचे? पैसे गेल्याचं कळताच त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी रोमहून परतेपर्यंत थांबलो आणि ते खातं रिकामं झालं.

त्या एजंटचा नंबर अजून चालू आहे. परवा स्टेटसला पॅरिस–रोमची तिकिटं होती. या दोन शहरांचं घड्याळ एकच, तिथे ही खूण दिसणारच नाही. कोणी भरले असतील तर पोहोचण्याची वेळ बघण्यात वेळ घालवू नका, आजच विमान कंपनीला फोन लावा.