मध्यस्थीचे ४० तासांचे प्रशिक्षण : शुल्क भरण्यापूर्वी

पुण्यातील एका खासगी संस्थेच्या मध्यस्थी प्रशिक्षणाची जाहिरात पाहिली, तेव्हा चाकणच्या कारखान्यात मनुष्यबळ विभागात माझी सोळा वर्षे झाली होती. कामगार आणि व्यवस्थापन यांच्यातील तंटे मिटवणे हे माझे रोजचेच काम. त्याचे रीतसर शिक्षण घ्यावे आणि पन्नाशीनंतर तोच व्यवसाय करावा, असा माझा हिशेब होता. जाहिरातीत ‘मध्यस्थ म्हणून नवे करिअर’ हे शब्द ठळक होते. पाच दिवस, रोज आठ तास, आणि शुल्क जवळजवळ माझ्या महिन्याच्या पगाराएवढे.

शिकवण्याबद्दल माझी तक्रार नाही. एक संत्रे आणि दोन बहिणींचे झिजून गेलेले उदाहरण (भांडण अख्ख्या संत्र्यासाठी, पण एकीला हवी साल आणि दुसरीला गर) पहिल्याच तासाला आले, तेव्हा मी थोडा धास्तावलो होतो; परंतु दुपारनंतर भूमिका वाटून तंटे सोडवण्याचे सराव सुरू झाले आणि वर्गाचा नूर बदलला. जुन्नरकडील दोन भावांची सामायिक विहीर, पाण्याच्या पाळीवरून भांडण, आणि मी मध्यस्थ. मी दहाव्या मिनिटाला ‘चार दिवस तुम्ही, चार दिवस ते’ असा तोडगा सुचवला आणि प्रशिक्षकांनी मला तिथेच थांबवले. मग त्यांच्या सांगण्यावरून दोघांशी वेगवेगळे बोललो, तेव्हा थोरल्याची भूमिका करणाऱ्या सहाध्यायीने सरावासाठी मिळालेल्या आपल्या गोपनीय कागदावरची गोष्ट हळूच सांगितली : शेतीची वीज रात्रीच्या पाळीत येते आणि बिबट्याच्या भीतीने त्याला रात्री मोटर सुरू करायला जाववत नाही. धाकटा दिवसा एमआयडीसीत कामाला असल्याने त्याला रात्रीचीच वेळ सोयीची होती. धाकट्या भावासमोर भीतीची कबुली थोरल्याने कधीही दिली नसती. स्वतंत्र बैठक कशासाठी असते आणि तिथे ऐकलेले संमतीवाचून दुसऱ्या पक्षापर्यंत का न्यायचे नसते, हे मला त्या अर्ध्या तासात जितके कळले तितके सोळा वर्षांत कळले नव्हते.

कायद्याचा भाग एका निवृत्त न्यायाधीशांनी शिकवला. लवाद निवाडा देतो आणि मध्यस्थाला तसा अधिकार नसतो, हा फरक त्यांनी इतका स्वच्छ मांडला की वर्गातील वकीलही टिपणे काढत होते. मध्यस्थी अधिनियम, २०२३ नुसार प्रक्रिया १२० दिवसांत संपवायची असते, पक्षकारांच्या संमतीने आणखी ६० दिवस मिळू शकतात, आणि पक्षकारांनी सह्या केलेल्या व मध्यस्थाने प्रमाणित केलेल्या समझोत्याची न्यायालयीन हुकूमनाम्याप्रमाणे अंमलबजावणी करता येते. त्याला फसवणूक, भ्रष्टाचार, तोतयेगिरी किंवा विषयच मध्यस्थीस अपात्र असणे एवढ्याच कारणांवर आव्हान देता येते. ज्या कागदाला एवढे बळ आहे, त्याच्या मसुद्यासाठी वेळापत्रकात जेमतेम दीड तास असावा, हे मला पटले नाही. विहिरीच्या समझोत्यात मोटर जळाली तर खर्च कोणी करायचा, हे आमच्यापैकी एकानेही लिहिले नव्हते.

दुसरी उणीव भाषेची. विहिरीचा सराव सोडला तर सगळे साहित्य इंग्रजीत होते. ‘त्याने माझा बांध कोरला’ म्हणणाऱ्या माणसाचा राग न डिवचता तेच म्हणणे त्याच्यापुढे वेगळ्या शब्दांत कसे मांडायचे, याची तयार मराठी वाक्ये हवी होती. या कायद्यात सामुदायिक मध्यस्थीची, म्हणजे गावाची किंवा वस्तीची शांतता बिघडवू शकणारे तंटे मिटवण्याची, तरतूद आहे आणि महाराष्ट्रात २००७ पासून तंटामुक्त गाव मोहिमेचा बरा-वाईट अनुभव जमा झालेला आहे. त्याचा उल्लेखही झाला नाही.

आता करिअर, ज्यासाठी मी पैसे भरले. याच कायद्याच्या २०२१ च्या विधेयकात दावा दाखल करण्यापूर्वीची मध्यस्थी सक्तीची होती, मात्र संमत झालेल्या कायद्यात ती ऐच्छिक झाली. जाहिरात विधेयकाच्या भरवशावर लिहिली असावी, अशी मला शंका आहे. तीन लाख रुपये किंवा अधिक मूल्याच्या व्यापारी दाव्यांत, तातडीचा अंतरिम दिलासा मागितला नसेल, तर आधी मध्यस्थी करणे बंधनकारक आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ते स्पष्टही केले. परंतु ते काम प्रामुख्याने विधी सेवा प्राधिकरणांच्या (मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या) मध्यस्थ-सूचीतून वाटले जाते, तिथे वकील व निवृत्त न्यायाधीश यांचाच भरणा आणि मानधन बेताचे. करिअरविषयीच्या एका तासाच्या सत्रात यातले काहीही सांगितले गेले नाही. प्रमाणपत्र मिळाल्यापासून माझ्याकडे बाहेरची दोन प्रकरणे आली, दोन्ही ओळखीतून आणि दोन्ही विनामूल्य.

तरुण वकील, समुपदेशक, गृहनिर्माण संस्थांचे व्यवस्थापक किंवा माझ्यासारखे मनुष्यबळातील लोक, म्हणजे ज्यांच्या दारात तंटे आधीपासूनच येतात, त्यांनी हे प्रशिक्षण जरूर घ्यावे. युनियनच्या प्रतिनिधींशी होणाऱ्या माझ्या बैठका आता लांबतात, पण त्याच मुद्द्यावर पुन्हा बसावे लागत नाही. नोकरी सोडून याच्या जोरावर उभे राहू पाहणाऱ्यांनी मात्र आधीच्या तुकडीतील किती जणांना मोबदल्याची प्रकरणे मिळाली, हे संस्थेला लेखी विचारावे. शुल्क तीन हप्त्यांत भरता येते. प्रमाणपत्र तिसरा हप्ता जमा झाल्यावरच हातात पडते.