जुन्या ट्रॅक्टरचा पंप मुंबईत दुरुस्तीला देण्याआधी हे वाचा

गावाकडच्या जुन्या ट्रॅक्टरचा डिझेल पंप, म्हणजे इंजिनला डिझेल पुरवणारा पंप, मुंबईत दुरुस्तीला आणणाऱ्यांसाठी हे लिहितोय. बनावट पार्ट गळ्यात मारतात, हे आपण ऐकून असतो आणि त्या बेताने सावधही राहतो. आमच्याकडे मात्र डल्ला पडला तो आमच्याच जुन्या पंपावर. तो काढून घेतला आणि त्या जागी भलताच पंप, वर आमच्या पंपाची नंबरप्लेट ठोकून, आमच्या हातात दिला.

आमचा ट्रॅक्टर महिंद्रा बी-275. शेती जुन्नर तालुक्यात, ती दादा बघतो. मी नोकरीमुळे भांडुपला असतो. इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर भागीदारी करून महिंद्राने 1963 मध्ये ट्रॅक्टरची कंपनी काढली आणि हे मॉडेल आपल्या कांदिवलीच्या कारखान्यात बनू लागलं. चार सिलिंडरचं इंजिन, त्यावर मायको कंपनीचा चार एलिमेंटचा इनलाइन पंप. एलिमेंट म्हणजे डिझेल दाबून पाठवणारी दट्ट्या-नळीची जोडी, दर सिलिंडरला एक, सगळ्या एका ओळीत. वडिलांच्या वेळचा हा ट्रॅक्टर नांगरटीपासून कांद्याच्या ट्रॉलीपर्यंत आजही सगळं ओढतो. त्याला भंगारात काढायचा विचार आमच्या घरात कधी कुणी केला नाही.

मेअखेरीला तो सकाळी चालू व्हायला कुरकुर करू लागला. दादाने फिल्टरखालचं पाणी सोडलं, दोन्ही डिझेल फिल्टर बदलले, पंपाची हवा काढली. फरक पडेना. मग गावच्या फिटरने इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणाऱ्या तोटीच्या) पाइपाचं नट ढिलं करून बघितलं. चालू सिलिंडरचं नट ढिलं केलं की इंजिनचा आवाज लगेच बदलतो. तिसऱ्याचं ढिलं केलं तरी आवाज तसाच राहिला. म्हणजे त्या सिलिंडरमध्ये डिझेल जळतच नव्हतं. पंप टेस्ट बेंचवर (पंप फिरवून तपासायच्या मशीनवर) चढवून एलिमेंट बघायला हवेत, असं फिटर म्हणाला. मुंबईत सगळं मिळतं आणि मी इथे आहेच, म्हणून पंप आणि चारही नोझल गोणपाटात बांधून भाजीच्या टेम्पोतून वाशी मार्केटला आले. तिथून मी ते कुर्ल्याच्या एका दुकानात नेले.

दुकान बघून संशय यावा असं काही नव्हतं. टेस्ट बेंच होता, काचेच्या नळ्यांची रांग होती, मालक गोड बोलणारा. "साहेब, एलिमेंट, डिलिव्हरी व्हॉल्व्ह, नोझल, सगळं मायको ओरिजिनल टाकतो. पंप नवा करून देतो." पक्क्या बिलाचं विचारलं तर म्हणाला, "टॅक्स वर पडेल, शेतकरी माणसाला कशाला भुर्दंड? माझा शब्द हीच गॅरंटी." पंप घ्यायला गेलो तेव्हा त्याने बेंच चालवून दाखवला. चारही नळ्यांत तेल एका रेषेत चढलं. त्याने स्क्रूला तार ओवून शिशाचं सील दाबलं आणि पंप माझ्या हवाली केला. प्लेटवरचा नंबर मी ताडून पाहिला, तो आमचाच होता.

गावाला पंप चढला आणि ट्रॅक्टर पहिल्यापेक्षा जोरात ओढू लागला. दादाचा फोन आला, तो खूश होता. पण लोड आला की सायलेन्सर काळाकुट्ट धूर ओकायचा, डिझेल जास्त लागायचं, पाणी लवकर तापायचं. एके सकाळी दादाने ऑइलची पट्टी काढली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर आलेलं. भर तर घातली नव्हती. बोटावर घेतलं तर पातळ, आणि वास डिझेलचा. त्याने ट्रॅक्टर जागेवर उभा केला, म्हणून क्रँकची बेअरिंगं वाचली.

नारायणगावच्या एका जुन्या मिस्त्रींनी पंप उघडला, तेव्हा मी मुद्दाम रजा काढून गेलो होतो. आधी त्यांनी नोझल घेतलं. स्वच्छ डिझेलमध्ये बुडवून सुई एक तृतीयांश बाहेर ओढली, नोझल तिरकं धरलं आणि सुई सोडली. चांगल्या नोझलची सुई स्वतःच्या वजनाने हळूहळू, न अडखळता खाली सरकते. आमच्यातल्या एकाची मध्येच अडकली, दुसऱ्याची खटकन खाली आदळली. टेस्टरवर फवारा व्हायच्या जागी टोकाला थेंब लोंबत होता. ते न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धूत, रिंगांवरून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरत होतं.

मग एलिमेंट. त्यातला प्लंजर (दट्ट्या) आणि बॅरल (नळी) कारखान्यात जोडीनेच घासून बसवतात. दोन्हींमधली फट दोन-तीन मायक्रॉनची, आणि माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन. म्हणून एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये घालून चालत नाही. आमच्या हातात आलेल्या पंपात जोड्या सरळसरळ मिसळलेल्या होत्या. गळती झाकायला जास्तीत जास्त किती डिझेल जाईल हे ठरवणारा स्क्रू वाढवून ठेवला होता. तो जोर, तो धूर तिथूनच आला होता.

मिस्त्रींनी शेवटी नंबरप्लेटवर बोट ठेवलं. "प्लेट जुनी, मग रिवेट नवे कसे?" प्लेटची अक्षरं झिजलेली, कडेला वर्षानुवर्षांचं काळं चिकटलेलं, आणि रिवेट मात्र चकचकीत. दादाने पंप उलटा केला. आमच्या पंपाचा एक कान, म्हणजे बोल्ट लावायची बाहेर आलेली कड, पूर्वी तडकला होता, तिथे ओबडधोबड वेल्डिंग होतं. या पंपाचे कान अगदी शाबूत होते.

असं का करतात, तेही मिस्त्रींनीच सांगितलं. जुन्या पंपाची बॉडी, कॅमशाफ्ट, गव्हर्नर धड असतील तर त्यावर नवे एलिमेंट घालून तो चांगल्या भावाने विकता येतो. आमच्यात बिघडलं होतं ते एका एलिमेंटपुरतं. बाकी पंप सोन्यासारखा होता, आणि हे बेंचवर चढवल्याबरोबर दुकानदाराला कळलं असणार. मायको हे नावही अशा लोकांच्या पथ्यावर पडतं. मोटर इंडस्ट्रीज कंपनी (म्हणजेच मायको) 1951 मध्ये सुरू झाली आणि 2008 मध्ये तिचं नाव बॉश लिमिटेड झालं, तरी बाजारात सगळे मायकोच म्हणतात. तोंडी "मायको टाकलंय" म्हणण्याने काहीच सिद्ध होत नाही. खोका, पार्ट नंबर आणि बिल हातात पाहिजे.

परत कुर्ल्याला गेलो तर दुकानदार शांतपणे म्हणाला, "प्लेट बघा ना, पंप तुमचाच आहे." काढलेले पार्ट मागितले तर ते भंगारात गेलेले. मला सगळ्यात संताप आला तो या शांतपणाचा. पेरणी तोंडावर असताना शेतकऱ्याचा ट्रॅक्टर उभा राहतो म्हणजे काय होतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आमच्या हाताशी पुरावा उरला तो दादाच्या सवयीमुळे. पंप उतरवण्याआधी पाइप कुठला कुठे आहे हे लक्षात राहावं म्हणून त्याने फोटो काढले होते, आणि एका फोटोत वेल्डिंग केलेला कान स्पष्ट दिसतो. शिवाय पैसे यूपीआयने दिले होते. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवली, मग जिल्हा ग्राहक आयोगात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगातही तक्रार करता येते. गावच्या माणसाला त्यासाठी मुंबईला खेटे घालायला नकोत. मुदत दोन वर्षांची. प्रकरण अजून चालू आहे.

तुमचा पंप बाहेर द्यायचा असेल तर बॉडीवर आत-बाहेर, सहसा नजरेला येणार नाहीत अशा दोन-तीन जागी पंचने खूण करा. प्लेटसकट सगळ्या बाजूंचे फोटो काढा. पंप खोलताना घरचं माणूस समोर उभं असू द्या. दुकानदार नको म्हणाला तर पंप उचला आणि चालू लागा. काढलेले एलिमेंट आणि नोझल परत मिळणार, हे पावतीवर आधीच लिहून घ्या. आणि पंप चढवल्यावर पहिले काही दिवस रोज सकाळी, इंजिन चालू करण्याआधी, ऑइलची पट्टी बघा. पातळी वाढलेली दिसली किंवा डिझेलचा वास आला तर स्टार्टरला हात लावू नका. नोझल तपासून घ्या, खराब ऑइल पूर्ण काढा, ऑइल फिल्टर बदला आणि मगच इंजिन चालू करा.