मैनाचे खूर आणि बिननावाच्या पुड्या

मैना ही आमची दहा वर्षांची घोडी. पाचगणीच्या टेबललँडवर आबा तिच्यावर पर्यटकांना फिरवतात. गुढीपाडव्याच्या रात्री तिने दावं सोडवून चंदीचं, म्हणजे तिच्या खुराकाच्या धान्याचं, पोतं फोडलं. सकाळी बघतो तर निम्मं पोतं रिकामं. दोन दिवसांनी तिचं चालणं बिघडलं. पुढचे दोन्ही पाय लांब टाकून, सगळा भार मागे घेऊन उभी राहायची. वळायचं म्हटलं की तापल्या तव्यावर असल्यासारखी पाय उचलायची. खुरांना हात लावला तर गरम. उन्हाळी सुट्टीचा हंगाम तोंडावर आलेला, त्यामुळे आम्हाला घाई होती, आणि त्या माणसाने ती ओळखली.

त्या नाल बसवणाऱ्याचा नंबर ओळखीतूनच मिळाला. लंगड्या घोड्यांना खास नाल बसवतो, असं ऐकलं होतं. मोटारसायकलला पेटी बांधून आला, मोबाइलवर आधी लंगडणारा आणि मग दौडणारा घोडा दाखवला. "आबा, हे दुखणं औषधाने जात नाही, नालाने जातं. माझे हार्टबार नाल परदेशी आहेत," म्हणाला. पुढच्या दोन पायांचे अठरा हजार. आमचा नेहमीचा नालबंद घेतो त्याच्या कितीतरी पट. मी पैसे दिले. घोडीने काय खाल्लं हे त्याने एकदाही विचारलं नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

त्याने तळवा इतका कोरला की अंगठ्याने दाबला तर दबत होता. पुढची भिंत कानसीने घासून खूर देखणा केला. नाल ठोकले, मानेत दोन इंजेक्शनं दिली. बाटल्या स्वतःच्या खिशात. "सूज उतरायचं आहे," एवढंच बोलला. जाताना नाव नसलेल्या कागदी पुड्या दिल्या, दहा दिवस चंदीतून द्यायच्या. संध्याकाळी मैना सरळ चालली. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला: "चालवा आता, चालवलं की रक्त फिरतं." आम्ही तिला टेबललँडवर नेलं. तिथला जांभा खडक किती कठीण आहे हे चाललेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

पुड्या संपल्या आणि मैना बसली. उठेना. त्याला फोन केला तर म्हणाला, दुसरा डोस लागेल, सहा हजार पाठवा.

टेम्पोत वाळू आणि गवत पसरून आम्ही तिला पसरणी घाटाने खाली आणलं आणि शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. डॉक्टरांचा पहिला प्रश्न: "हिने काय खाल्लं होतं?" मग घोट्यामागची नाडी बघितली, ती जोरात उडत होती. चिमट्याने खूर दाबून बघितले. बाजूने एक्स-रे काढला. खुरातलं हाड ज्या मऊ पापुद्र्यांनी भिंतीला धरलेलं असतं ते सुजून सैल झाले होते, आणि हाडाचं टोक तळव्याकडे झुकलं होतं. याला लॅमिनायटिस म्हणतात. जास्त धान्य खाण्यात आल्याने हे होतं, आणि त्यात चालवणं म्हणजे ते हाड आणखी ओढून काढणं.

हार्टबार नाल हा खराच उपचार आहे, खोटा नाही. पण त्याची मधली पट्टी तळव्याच्या मधल्या रबरासारख्या त्रिकोणाला आधार देते, आणि तिचं टोक त्या त्रिकोणाच्या टोकाच्या मागेच राहावं लागतं. म्हणून एक्स-रे बघून माप घेतात. आमच्या घोडीच्या नालांत साध्या नालाला लोखंडी पट्टी वेल्डिंग केलेली होती आणि ती पुढे सरकून दुखऱ्या तळव्यावरच दाबत होती. परदेशी काहीच नव्हतं. पुड्यांत काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. परिणाम वेदनाशामकासारखा होता, म्हणजे दुखणं तसंच राहून फक्त झाकलं गेलं, असं डॉक्टर म्हणाले. तशी औषधं जास्त दिवस दिली तर घोड्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडावरही ताण येतो.

नाल काढले. खुरांखाली थर्माकोलचे जाड तुकडे चिकटपट्टीने बांधले, गोठ्यात वीतभर वाळू टाकली, चंदी बंद, फक्त भिजवलेलं वाळलं गवत. अगदी सुरुवातीला खूर बर्फाच्या पाण्यात ठेवले असते तर बरंच वाचलं असतं. ते दिवस आम्ही त्या माणसाची वाट बघण्यात घालवले, आणि हे मला अजून सलतं.

कुणी तुमच्या घोड्याला हात लावायच्या आधी एवढं विचारा: एक्स-रे कुठे आहे? इंजेक्शन कोणतं, बाटली दाखव. नालबंदाने नाल बसवणं ठीक, पण इंजेक्शन देऊन उपचार करायचा तर नोंदणी असलेला पशुवैद्य हवा. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा आहे. नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका. आणि नाल ठोकल्याच्या संध्याकाळी घोडा अगदी सरळ चालला, तर खूश होण्याआधी त्याला काय टोचलं ते शोधा. खूर महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. दोन आठवड्यांत बरा करतो म्हणणाऱ्याला ते माहीत असतंच.

पोलिसांत अर्ज दिलाय. पावती नव्हती, त्यामुळे फारसं काही होईल असं वाटत नाही. दसऱ्याला बघितलं तेव्हा मैनाच्या खुरावर वरून तीनेक बोटं नवा, गुळगुळीत भाग उतरला होता. अजून निम्मं वर्ष तरी लागेल. टेबललँडवर ती परत जाणार नाही, असं आबांनी ठरवलंय. ते दोन नाल मी जपून ठेवलेत. पाचगणीत कुणाला बघायचे असतील तर दाखवीन.